तारामतीचं कडवं

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, आणि पाण्याचा टँकर माझ्यापासून चार हातांवर येऊन थांबला. मला वाटलं, आता ड्रायव्हर शिव्या घालणार. तर खिडकीतून डोकं बाहेर काढून तो शांतपणे म्हणाला, "जीव द्यायचा असंल तर इहीर बघावी. पर यंदा इहिरीला बी पाणी न्हाय म्हणा."

मला हसू आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. पण ते मी दातांखाली दाबलं आणि वाशीला जायचंय म्हणून सांगितलं. सकाळची एसटी चुकली होती. परक्या पुरुषाशेजारी टँकरच्या केबिनमध्ये बसले हे आईला कळलं असतं तर तिनं माझी चामडी लोळवली असती. तरीही मी चढले.

त्र्याहत्तर साल होतं, भीमजयंतीचा दिवस. वाशी म्हणजे आमचं बाजाराचं गाव; तिथं संध्याकाळी हरणाबाईंच्या गायनाचा कार्यक्रम होता. हरणाबाईंचं तेव्हाचं नाव तुम्हाला आज सांगून कळायचं नाही. लग्न असो, बारसं असो, कर्ण्यावर त्यांची तबकडी वाजल्याशिवाय मांडवाला शोभा नसायची. आणि मला त्यांना माझ्या मैत्रिणीचं गाणं द्यायचं होतं.

तारामती माझी मैत्रीण. आम्ही दोघी रस्त्याच्या दुष्काळी कामावर होतो. ती खडी फोडायची, मी मॅट्रिक झालेली म्हणून हजेरीचं मुस्टर लिहायची. हातोडा चालवता चालवता ती गाणी रचायची. अक्षर येत नव्हतं, पण गाणं असं करायची की अख्खी रांग त्याच्या तालावर घाव घालायची. तीन दिवसांपूर्वी तिच्या पायावर दगड पडला आणि पाय मोडला. नाहीतर ती स्वतःच गेली असती. मग म्हणाली, "मुक्ते, तू जा. हरणाबाईनं म्हटलं तर माझं गाणं जगंल. न्हायतर ह्या खडीसंगं रस्त्यात गाडलं जाईल." मी तिचं गाणं कागदावर सुरेख अक्षरात उतरवून घेतलं आणि निघाले.

ड्रायव्हरचं नाव बब्रुवान. त्यानं विचारलं म्हणून मी कामाचं सांगितलं. तो म्हणाला, "कंचं गाणं? ते फोडते-जोडतेवालं व्हय?"

मी चमकले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुमच्याच कामावर टँकर आनतो की रोज. टाकीत पानी सोडस्तोवर ऐकत बसतो."

"टँकर रिकामा व्हायला तासभर लागतो?" मी विचारलं. कारण हा टँकर तास तास उभा राहतो, हे मुस्टर लिहिताना मी लांबून बघितलेलं होतं, ड्रायव्हरचं तोंड मात्र कधी नीट पाहिलं नव्हतं.

"न्हाय... वीस मिंटं लागत्यात," तो म्हणाला आणि समोरच्या रस्त्याकडे असं बघायला लागला, जणू तिथं मोठी रहदारी होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. माझे कान मात्र उगाच गरम झाले.

हरणाबाईंची पार्टी शाळेच्या एका वर्गात उतरली होती. बाई चटईवर बसून बशीतून चहा पीत होत्या. तबकडीवरच्या फोटोपेक्षा काळ्या, ठेंगण्या आणि दमलेल्या दिसल्या. मी जय भीम केला, कागद पुढं केला. पेटीवाल्यानं वाचून दाखवला. बाईंनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "चाल कुठं हाय?"

घ्या! शब्द न् शब्द आणला होता मी, वेलांटीसुद्धा चुकली नव्हती. चाल आणायची राहिलीच होती. अक्षर आलं की सगळं आलं, हा माझा मॅट्रिकचा तोरा तिथल्या तिथं उतरला. आता मलाच गावं लागणार होतं. आणि माझा आवाज असा की, शाळेत प्रार्थनेला गुरुजी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे.

तरी गायले. तारामतीसाठी गायले.

"घाव घालते गं, दगड फोडते,
भीमाची लेक मी वाट जोडते..."

ढोलकीवाल्यानं नेहमीचा ठेका धरला आणि गाणं दोनदा अडखळून पडलं. बाई मान हलवायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दारातून आवाज आला... बब्रुवान टँकरची बादली पालथी घालून तिच्यावर ठोकत होता. दोन हलके, एक जड. दोन हलके, एक जड. हातोडा तसाच चालतो. आधी दगडाचा अंदाज घेतात, मग घाव. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मानेनंच 'म्हणा' सांगितलं. आणि मी म्हटलं, पार शेवटापर्यंत.

"तारामती सांगते, ह्याच वाटेनं
लेकीला उद्याच्या शाळेला धाडते."

बाईंनी पेटीवाल्याकडून कागद घेऊन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "आज रातीच्या आधी बसवते. पर शेवटच्या कडव्यात आमच्या गुरूचं, कोंडीरामबुवांचं नाव येतं. माझ्या सगळ्या गाण्यांत येतं. तेवढं बदलावं लागंल."

कागद त्यांच्या मांडीवर होता. मला वाटलं, हो म्हणावं, गाणं तरी जगेल. पण मुस्टरवर रोज तारामतीच्या नावापुढं मीच तिचा अंगठा घेत होते, आणि दरवेळी ती तो शाईचा अंगठा लुगड्याला पुसत हसायची. मी कागद उचलला.

"बाई, तुमचा मान मोठा आहे. पण तिचं नाव काढून गाणं द्यायचं नाही. नाव राहत नसेल तर मी गाणं परत घेऊन जाते."

पेटीवाला म्हणाला की या पोरीला कुणाशी बोलतोय याचं भान नाही. बाईंनी त्याला हातानंच गप्प केलं. मी मान खाली घातली नाही. आजही त्याचा मला अभिमान आहे.

"आन इकडं," हरणाबाई म्हणाल्या. "बुवांना मी सुरवातीच्या वंदनात घेते. कडवं तिचंच ऱ्हाऊ दे."

बाहेर आले तर बब्रुवान बादली हातात घेऊन तसाच उभा होता. म्हणाला, "लई बायका बघितल्या. असं बोलनारी न्हाय बघितली." मी म्हटलं, बघत उभे राहू नका, तारामतीला आणायचंय.

पाणी भरून तो गावाकडं गेला, आमच्या टाकीत टँकर रिकामा केला आणि तारामतीला केबिनमध्ये बसवून दिवस मावळायच्या आत परत आला. हरणाबाईंनी गाणं धरलं. "तारामती सांगते" आलं तशी समोरच्या बायांनी विचारलं, कोण गं ही तारामती? तारामती माझ्या खांद्यावर भार देऊन एका पायावर उभी राहिली. "मी," म्हणाली. अख्खा मांडव वळून बघत होता. आम्ही दोघी रडत होतो आणि आमच्याइतकं ताठ त्या मांडवात कुणी उभं नव्हतं.

बब्रुवान माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मुक्ताबाई, म्या... रविवारी आईला घिऊन तुमच्या घरी यावं म्हनतो."

"कशाला?" मी विचारलं, माहीत असून.

"तुमास्नी मागनी घालाया. मला तुमी लई आवडता. टँकर तासभर हुबा ऱ्हायचा तो काय गाण्यापायी न्हवता."

मनात होच होतं, पण इतक्या लवकर हो म्हणेन तर ती मी कसली! म्हटलं, "या की. पण पाव्हण्याला तांब्याभर पाणी द्यायची आमच्याकडं रीत आहे, आणि घरात पाणी नाही. तेवढं बघा."

रविवारी तो एसटीतून उतरला. मागं आई, आणि याच्या खांद्यावर पितळी घागर. सदरा निम्मा भिजलेला. आटत आलेल्या हापशावरच्या बाया बघतच राहिल्या. मी दारातूनच विचारलं, टँकर असताना हे ओझं कशाला?

घागर उंबऱ्याशी टेकवत तो म्हणाला, "टँकरचं पानी गावाचं. हे आमच्या घरचं हाय."

मी घागर उचलून आत नेली.