पाहुणी, वय सव्वीस

मनुबाईंचं बटण दुसरंच कुणीतरी दाबतंय, याची वडगावच्या त्या गल्लीत शिरताना रचनाला खात्री होती.

टीव्ही कोण किती बघतं हे मोजणाऱ्या कंपनीत ती काम करायची. निवडलेल्या थोड्याशा घरांत टीव्हीला एक लहान पेटी जोडलेली असते आणि सोबतच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाचं एकेक बटण. बघायला बसताना दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. असं एक घर कागदावर हजारो घरांच्या वतीने बोलतं. त्यावरून जाहिरातींचे दर ठरतात. आणि या घराची पेटी सांगत होती की सदुसष्ट वर्षांच्या मनुबाई दर रविवारी संध्याकाळी साडेसातची फुटबॉलची मॅच पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बघतात. मालिका एकही नाही. संख्याशास्त्र शिकलेल्या रचनाला असा एकटा, टोकाला पडलेला ठिपका दिसला की चैन पडायचं नाही.

दार उघडंच होतं. आत दोन यंत्रमाग खडखडत होते. खळीचा आंबूस वास, हवेत सुताची बारीक पिसं. भिंतीवरच्या टीव्हीवर मॅच चालू होती, आणि तुटलेला धागा जोडत एक तरुण वाकून उभा होता. त्याच्या केसांवर कापूस बसला होता.

"मनुबाई इथंच राहतात का?" रचना ओरडली.

"ओरडू नका, मॅडम. नुसते ओठ हलवा." तो मान वर करून म्हणाला. "मागावरच्या माणसाला ओठांवरनं कळतंय."

मग तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, तेव्हा विचारायचं काय होतं तेच तिला क्षणभर आठवेना.

तो मंथन, मनुबाईंचा मुलगा. रविवारी सकाळी मैदानावर गोलकीपर, एरवी विणकर. मनुबाई टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या होत्या, रिमोट मांडीवर.

"हे बटण तुम्हीच दाबता, मावशी?" रचनाने त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"मग कोण दाबणार? मालिकेत नुसतं बोलत्यात गं. मागाच्या आवाजात एक शब्द कानात शिरत न्हाय. ह्यात काय ऐकायचंय? चेंडू कुटं गेला ते दिसतंय." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "आणि त्या पिवळ्या सदऱ्याचा काठ बघ. दर मॅचला तिरका. कोण शिवतंय कुणास ठाऊक."

रचनाला हसू आलं. ठिपका बरोबर होता. खरं तर इथे तिचं काम संपलं होतं…

"बसलासा तर पाहुण्याचं बटण दाबायला पायजे." मंथनने रिमोट उचलला. "वय?"

"मला धरायचं नाही. मी कंपनीची माणूस."

"जो बघतो तो मोजायचा, असं पेटी लावताना सांगून गेलेत. वय घातल्याबिगर पुढं जात न्हाय हे."

"…सव्वीस."

"बाई का गडी, तेवढं माझं मी घालतो."

पुढच्या रविवारी ती रिमोटची बॅटरी बदलायला आली. ती बॅटरी आठ महिने चालते, हे तिला माहीत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी एक वायर सैल वाटली. नंतर कारण शोधायचं तिने सोडून दिलं.

"ह्या खेळात मधे जाहिरात घालायला जागाच न्हाय," मंथन एकदा म्हणाला. "पंचेचाळीस मिनिटं सलग. कंपन्यांचे हाल."

"म्हणून तर सदऱ्यावर छापतात."

"आणि गल्लीतली पोरं मोबाईलवर बघत्यात, ती तुमच्या पेटीत कुटं येत्यात?"

"नाही येत. त्यांचे आकडे ॲपवाल्यांकडे."

"म्हंजे मोबाईल घेऊन बसलो तर मी तुमाला दिसणार न्हाय?"

"टीव्हीवरच बघा," ती म्हणाली, आणि आपण हे फार पटकन बोललो असं तिला वाटलं.

सहाव्या आठवड्यात हुबळीच्या मुख्य ऑफिसातून नागेंद्र सरांचा फोन आला. "रचना, त्या वडगावच्या घरात दर मॅचला एक पाहुणी दिसते. बाई, वय सव्वीस. कोण आहे बघून रिपोर्ट दे. घरात कुणी ढवळाढवळ करत नाही ना, तेवढं बघ. सरी?" 'ठीक?' ते नेहमी असं कानडीतच विचारायचे.

"सरी, सर," ती म्हणाली. पेटी असलेल्या घराशी कर्मचाऱ्याची ओळखसुद्धा वाढता कामा नये, हा पहिला नियम. नोकरी जाऊ शकत होती.

रविवारी ती फॉर्म घेऊनच गेली. मंथनने ऐकून घेतलं आणि एक माग बंद केला, मग दुसरा.

"शेजारीण म्हणून लिवा. कोण बघायला येतंय?"

"एक खोटी शेजारीण लिहिली, की कागदावर हजारो खोट्या शेजारणी होतात." ती थांबली. "आणि मला शेजारीण व्हायचं नाही."

तिने फॉर्मवर नजर ठेवून पुढचा प्रश्न वाचला. "पाहुणी कशासाठी येते?"

"पैल्यांदा मॅचसाठी येत असंल. आता… मॅच नसली तरी यावी, असं घरच्यांस्नी वाटतंय."

"घरच्यांना म्हणजे कोणाला?"

त्याने मनुबाईंकडे बघितलं. त्या बसल्या जागी डुलक्या घेत होत्या.

"आई तर झोपलीया," तो हळूच म्हणाला.

रचनाने पेनाचं टोपण काढलं आणि तिथेच बसून लिहिलं: पाहुणी मीच आहे.

नागेंद्र सरांनी ते वाक्य फोनवर तिच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाले, खरं लिहिलंस म्हणून नोकरी राहील. पण ते घर यादीतून बाद, आणि तू उद्यापासून निपाणीला.

निपाणीला जाण्याआधी पेटी काढायला तीच आली. चार स्क्रू, दोन वायरी. मनुबाई रिमोट हातात घट्ट धरून बसल्या होत्या.

"म्हंजे आता मी बघितलं तरी कुणाला कळायचं न्हाय?"

"नाही कळणार, मावशी. माझ्यामुळं झालं हे."

मनुबाईंनी बटणावरून एकदा अंगठा फिरवला आणि रिमोट तिच्या हातात दिला. "असू दे. लवंडून बघता यील आता."

दारापर्यंत मंथन सोबत आला. "संपलं म्हणायचं तुमचं येणं."

"पेटी होती तोवर यायची मनाई होती," रचना म्हणाली. "आता नाही."

हे त्याच्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. मग त्याने उगाचच केसांवरचा कापूस झटकला.

"निपाणीस्नं दीड तास लागतोय… साडेसातला पोचायचं तर सहाची बस."

"साडेपाचची मिळेल मला."

"मग मी स्टँडवर येतो. तिथनंच कुटंतरी फिरायला जाऊ."

"आणि मॅच?"

"आई बघून सांगंल," मंथन म्हणाला.