वाचकबाई आणि कात्री

दुकानात मागच्या फळीवर पडलेली आपलीच पुस्तकं काढून पुढच्या फळीवर मांडताना एखादी लेखिका पकडली गेली, तर तिनं काय करावं? सरळ खोटं बोलावं. निदान आपल्या लेखिकेनं तरी तेच केलं.

दुपारची वेळ होती. मुलांच्या पुस्तकांच्या कोपऱ्यात चिटपाखरू नव्हतं. तिनं आपल्या कादंबरीचे चारही भाग ओळीनं लावले, आड येणारं एक जाडजूड डायनासोरचं पुस्तक खालच्या फळीवर ढकललं आणि दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून बघितलं. छान दिसत होतं.

"तिसरा भाग उलटा लागलाय," मागून कुणीतरी म्हणालं.

ती वळली. बाह्या दुमडलेला, कानामागे पेन्सिल खोचलेला एक उंच माणूस उभा होता. किती वेळ उभा होता, देव जाणे. चेहरा अगदी साळसूद होता, पण डोळे हसत होते.

"तुम्ही इथं काम करता?" त्यानं विचारलं.

"छे. मी... वाचक आहे. या पुस्तकांची."

"असं होय. बरी आहेत का?"

"बरी?" तिला ते चांगलंच झोंबलं. "अहो, उत्तम आहेत. मुलांसाठी इतिहासावर असं कुणी लिहीत नाही. भाषा बघा, माणसं बघा. लेखिकेचा अभ्यास दांडगा आहे."

"आणि स्वभाव? हट्टी आहेत म्हणे."

"हट्टी नाही, ठाम," ती म्हणाली, आणि मग घाईघाईनं, "असं ऐकलंय."

त्यानं चारही भाग उचलले, काउंटरवर गेला आणि पैसे देता देता चौथा भाग उलटा करून बराच वेळ बघत राहिला. मग तिच्याकडे बघितलं, मान लववली आणि निघून गेला. पुस्तकाच्या पाठीवर आपला हातभर हसरा फोटो छापलेला आहे, हे तिला रस्ता ओलांडताना आठवलं. ती तिथंच, रस्त्याच्या मधोमध, स्वतःशीच "अरे देवा" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या कादंबऱ्यांवर निघणाऱ्या मालिकेची पहिली बैठक होती. टेबलाच्या टोकाला चॅनलच्या मॅडम बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी, कानामागे पेन्सिल.

"हे आपले पटकथाकार," मॅडम म्हणाल्या.

"काल मला एक वाचकबाई भेटल्या," तो उठून नमस्कार करत म्हणाला. "तुमच्या फार मोठ्या चाहत्या निघाल्या. इतकं तुमच्या आईनंसुद्धा तुमचं कौतुक केलं नसेल."

दुसरी एखादी लाजून अर्धी झाली असती. ही खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "त्या बाईंना पुस्तकातलं कळतं. त्यांचं ऐकत जा."

त्या दिवसापासून ती वाचकबाई झाली. आणि तो कात्री झाला, कारण आठवड्याभरात त्यानं तिच्या पहिल्या भागातली तीन प्रकरणं, एक लग्न आणि एक आख्खा हत्ती कापून टाकला.

कादंबरी होती वेढा पडलेल्या एका किल्ल्याची आणि त्यात पाणी भरणाऱ्या एका पोरीची. सगळे तिला पाणक्याची पोर म्हणत. किल्ल्याखालून भुयार होतं, बाहेरच्या झऱ्याशी निघणारं, आणि ती वाट फक्त तिला ठाऊक होती. शेवटच्या भागात तटबंदी फुटते. पोर सगळ्यांना भुयारात घालते. पण भुयाराचं दार शत्रूला दिसू नये म्हणून कुणीतरी किल्ल्यात मागं राहून दारापुढं पाण्याचे रांजण रचायला हवेत. पोर मागं राहते. सगळे जातात. ती शेवटचा रांजण लावते, आणि पुस्तक संपतं.

काम कात्रीच्या खोलीत चाले. एका भिंतीवर कार्डं टाचलेली, एका कार्डावर एक प्रसंग. जे लिहून जमत नाही ते करून बघायचं, अशी त्याची रीत होती. त्यापायी तो एकदा ओझ्याचं खेचर झाला होता आणि टेबलाच्या पायात अडकला होता. ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतले हिशेबनीस डोकावून गेले.

पण हसणं निराळं आणि पोटची माणसं कापली जाणं निराळं. एक दिवस ती आली, तर भिंतीवरून दरवान गायब.

"माझा दरवान कुठाय?"

"स्वयंपाकघरात पाठवला."

"म्हणजे?"

"बघा, तुमच्या पुस्तकात दरवान आहे, तो पोरीसाठी संध्याकाळी दार थोडं उशिरा लावतो. आणि आचारी आहे, तो तिच्यासाठी ताट झाकून ठेवतो. दोघंही तिला शिव्या घालतात. दोन माणसं एकच काम करतायत. मी त्यांचा एकच माणूस केला. आता आचाऱ्याकडेच दाराची किल्ली."

"तुमच्याजवळ कात्रीखेरीज दुसरं काही हत्यार आहे की नाही?"

"सुई-दोराही आहे," तो शांतपणे म्हणाला. "वाचून तर बघा."

तिनं घरी जाऊन वाचलं. आधी नाक मुरडून, मग सावकाश. नवा आचारी दारात उभा राहून पोरीची वाट बघत होता, ती दिसली की तिला "कुठं उलथली होतीस" म्हणून झापत होता, आणि पाठ वळवून ताटावरचं झाकण काढत होता. लेखिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याच पुस्तकातला माणूस, आणि तिला तो आत्ता भेटत होता.

"इतकं काय वाचताय?" वहिनीनं विचारलं. वहिनीच्या नजरेतून काही सुटत नसे.

"ऑफिसचं काम."

"ऑफिसच्या कामाला आम्ही असं गालातल्या गालात हसत नाही हो," वहिनी म्हणाली. "तुमच्या त्या कात्रीला एकदा घेऊन या घरी. माझे दोन ब्लाउज पडलेत."

मग शेवटचा भाग लिहायची वेळ आली आणि गाडी रुतली.

मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं. "पोर बाहेर यायला हवी. मुलं रडत झोपायला गेली तर आईबाप टीव्ही बंद करतील. दार उघडणार नसेल तर मला ही मालिका नको." लेखिकेचं म्हणणंही तितकंच स्पष्ट होतं. करारानुसार शेवट तिच्या संमतीशिवाय बदलता येत नव्हता, आणि ती संमती देणार नव्हती. "शत्रू आत आलाय. अशा वेळी दारं आपोआप उघडत नाहीत. मी मुलांशी खोटं बोलत नाही."

"फक्त मोठ्या माणसांशी, दुकानात," कात्री पुटपुटला. पण तिला हसू आलं नाही. सोमवारी मॅडमना शेवट द्यायचा होता. नाही दिला तर भिंतीवरची सगळी कार्डं उतरणार, मालिका बुडणार, आणि या खोलीत यायचं काही कारणच उरणार नव्हतं. यातलं नेमकं काय जास्त टोचतंय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणूनच ती जास्त ताठ बसली होती.

"मग ती मेली का?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही?"

"मी दार लावलं आणि पुस्तक संपवलं. बस."

तो खुर्चीवरून उठला. "चला," तो म्हणाला, "करून बघू."

जेवणाची सुट्टी होती, मधला लांब बोळ रिकामा होता. बोळाच्या टोकाला कागदांची खोकी ठेवायची खोली होती. ती खोली म्हणजे किल्ला, बोळ म्हणजे भुयार, खोकी म्हणजे रांजण. ती आत, पोर होऊन. तो बोळात, सगळ्यांच्या शेवटी जाणारा आचारी होऊन. तिनं दार लावलं. आतला दिवा गेलेला होता. दाराखालून उजेडाची एक पट्टी तेवढी येत होती.

"मी खोकी रचते. तुम्ही निघा," ती आतून म्हणाली.

खोकी जड होती. तिनं एक ढकललं, त्यावर दुसरं चढवलं, मग तिसरं. हातांना जुन्या कागदाचा वास येत होता. मध्येच तिच्या लक्षात आलं की पावलांचा आवाज आलेला नाही. उजेडाच्या पट्टीत दोन बुटांच्या सावल्या होत्या.

"जा ना," ती म्हणाली.

"जाववत नाही."

"कात्री, नाटक नको."

"नाटक नाही हो. मी खरंच जायला बघितलं, पाय उचलत नाही." तो दाराला टेकून बसला असावा, कारण आवाज खालून येत होता. "या माणसानं तिच्यासाठी रोज दार उघडं ठेवलंय, रोज ताट झाकून ठेवलंय. तुम्ही लिहिलंय, 'सगळे गेले.' तुमचा दरवान गेला असता, तुमचा आचारीही गेला असता. त्यांचं तिच्यावर अर्धं अर्धं प्रेम होतं. पण या माणसाचं... पुरं आहे. हा नाही जाणार."

ती अंधारात एका खोक्यावर बसली. त्याचं बरोबर होतं. ही चूक शेवटातली नव्हती, तिच्यातलीच होती. आपल्यासाठी कुणी मागं थांबेल असं तिला आजवर कधी वाटलंच नव्हतं. मैत्री असो, लग्नाची बोलणी असोत, समोरच्यानं उठण्याआधी तीच उठायची, पदर झटकून, हसतमुखानं. आणि लोक म्हणायचे, काय खंबीर मुलगी आहे. मग तिनं पोरीसाठी तरी कुणाला कसं थांबवलं असतं?

"कात्री," ती म्हणाली. "दार बंदच राहील."

"राहू दे."

"पण आचारी दाराबाहेर, भुयारातच बसेल. बाकीचे झऱ्याकडे जातील, तो बसेल. शेवटचं चित्र तेवढंच. बंद दार, आणि त्याला पाठ लावून बसलेला माणूस."

पलीकडे पेन्सिलीचा आवाज सुरू झाला. मग थांबला. "त्यानं काहीतरी बोलायला हवं. तिला ऐकू जाईल असं."

"काय?"

"ते... अजून सुचलं नाही," तो म्हणाला. तिला जरा नवल वाटलं, कारण त्याला सुचलं नाही असं सहसा होत नसे. मग खोकी उतरवून दार उघडायला दोघांना मिळून इतका वेळ लागला की हिशेबनीस पुन्हा डोकावून गेले.

सोमवारी मॅडमनी शेवट शांतपणे ऐकून घेतला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे पोर बाहेर येत नाही," त्या म्हणाल्या.

"या भागात नाही," लेखिका म्हणाली. "पण तिच्यासाठी कुणीतरी थांबलंय, हे मुलांनी बघितलं की ती रडत झोपणार नाहीत. तिचं पुढं काय झालं ते विचारतील. आणि ते मलाही आता कळायला हवंय. पाचवा भाग लिहायला घेतलाय मी."

तिनं तो खरंच घेतला होता, सकाळीच; दोन पानं झाली होती. मॅडमनी कात्रीकडे मोर्चा वळवला. "आणि हा आचारी दाराशी बसून काय बोलतो? इथं जागा कोरी ठेवली आहे."

कात्रीनं कागद बघितला नाही. मॅडमकडेही बघितलं नाही. टेबलापलीकडे लेखिकेकडे बघत तो म्हणाला, "'मी इथंच बसलोय. तुझं आवरलं की हाक मार.'"

लेखिकेनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला उठून जावंसं वाटलं नाही.

"हे लिहून घ्या," मॅडम म्हणाल्या. आवाज जरा बसला होता. "हाच शेवट ठेवा."

बाहेर लख्ख ऊन होतं. दोघं पायऱ्या उतरून बसथांब्यापर्यंत आले.

"ते वाक्य कधी सुचलं?" तिनं विचारलं.

"खोलीच्या दाराशी बसलो होतो तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

"कारण ते आचाऱ्याचं नव्हतं." त्यानं कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली. "माझं होतं. आज त्याला उसनं दिलं. मला तुम्ही फार आवडता, वाचकबाई. तुम्ही डायनासोर खाली ढकललात तेव्हापासून. पण तुम्ही... घाई नाही. मी काही कुठं जात नाही."

तिनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. आजवर अशा वळणावर ती काहीतरी गमतीचं बोलून निघून आली होती. गमतीचं आत्ताही दोन-तीन सुचत होतं.

"आवरलं माझं," ती म्हणाली.

"काय?"

"तू म्हणालास ना, आवरलं की हाक मार." तिनं त्याचा दुमडलेल्या बाहीखालचा हात धरला, अगदी घट्ट. "मारतेय. ऐकू येतंय का?"

त्याला ऐकू आलं होतं. बस आली, थांबली, दार उघडून जराशी खोळंबली आणि निघून गेली.