सूर्यमाळच्या भुयारातला आवाज

दिवा जरा पुढे घ्या, वीज आता काही लवकर यायची नाही. भुतं रात्रीच भेटतात असा माझाही समज होता. माझ्या वाट्याला जे आलं ते मात्र भर दुपारी, मार्चच्या कडक उन्हात. डोंगरभर मोह फुलला होता.

माझं काम दगडांचं. कुठल्या डोंगरात कुठला धातू आहे, किती आहे, काढायला परवडेल का, एवढंच सांगायचं. घर जव्हारला, त्यामुळे सूर्यमाळचं काम निघालं तेव्हा आमची बायको प्रेमला खूश झाली. नवरा संध्याकाळी घरी जेवायला येणार, याचंच तिला मोठं कौतुक.

सूर्यमाळच्या वर, जंगलात, कुणीतरी फार पूर्वी खणून सोडलेलं एक भुयार होतं. माणूस वाकून जाईल एवढं. आपल्याकडचा नेहमीचा काळा पाषाण आणि त्याच्या पोटातून तिरका जाणारा पांढऱ्या गारेचा, म्हणजे गारगोटीचा, पट्टा. पट्ट्यावर मोरपिसासारखे हिरवे डाग होते. हिरवं दिसलं की तांब्याचा संशय घ्यायचा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. एका लहानशा कंपनीने मला तो संशय तपासायला पाठवलं होतं. बरोबर ऋत्विक हा नवा मुलगा, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, आणि वाटाड्या म्हणून पाड्यावरचा लाडक्या.

लाडक्या तिशीचा असेल. बायको सुकरी, लहान मुलगी प्रगती आणि म्हातारी आई रुपी. रुपीआयची आधीची पोरं जगली नव्हती, हा एकटाच हाताला लागलेला. म्हणूनच नाव लाडक्या. तो भुयारात यायला तयार झाला, तेव्हा म्हातारी तोंड फिरवून बसली होती.

"आत नाव घ्यायचा नाय, साहेब," भुयाराच्या तोंडाशी त्याने मला बजावलं. "भायेरच्यानं कू करायचा. आतल्यानं पन कू करायचा. नाव घेतला का डोंगर ऐकतो."

"आणि ऐकून काय करतो?" मी चेष्टेने विचारलं.

"ठेवून घेतो," तो म्हणाला. तो हसत नव्हता.

जंगलात ही माणसं एकमेकांना कू करूनच हाका मारतात, ते मला माहीत होतं. म्हटलं, देश तसा वेश. ऋत्विकला तोंडाशी बसवलं आणि सांगितलं, मधूनमधून कू कर, आम्ही उत्तर देऊ. त्या शहरी पोराला कू करताना इतकी लाज वाटत होती की मलाच हसू येत होतं.

आत शिरल्यावर हसू ओसरलं. बाहेर घाम निथळत होता, आत अंगावर काटा आला. भिंतींतून पाणी झिरपत होतं. खाली पाड्यावरच्या बायका हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरून जातात, पण या पाण्याला कुणी हात लावत नाही, असं लाडक्या म्हणाला. वास होता तो महिनोन्‌महिने चिंच न लागलेल्या तांब्याच्या हंड्याचा. जीभ आपोआप कडवट व्हायची.

असल्या भुयारात पहिलं काम छत ठोकून बघायचं. पहार वर मारली आणि ठण्ण वाजलं तर खडक पक्का. बद्द वाजलं तर वर पोकळ आहे, तिथे थांबायचं नाही. लाडक्या ठोकत पुढे जात होता. ठण्ण. ठण्ण. शेवटी भुयार संपलं. समोर सपाट, अखंड दगड, सुई जाईल एवढीही फट नाही. मी हाताने चाचपून पाहिली ती भिंत, म्हणून सांगतो.

तिथे गारेच्या पट्ट्यावर आडवी खाच पाडून, खाली फडकं धरून दगडाचा चुरा गोळा केला आणि पिशवीत बांधला. बाहेरून ऋत्विकचं लाजरं कू आलं. आम्ही कू केलं. सगळं शिस्तीत चाललं होतं.

परतताना लाडक्या पुढे, मी मागे. सवयीने त्याने पुन्हा छताला पहार लावली.

बद्द.

आत जाताना याच जागी ठण्ण वाजलं होतं. लाडक्याने पुन्हा मारली. बद्द... आणि मग, आम्ही दोघेही हललो नसताना, वरच्या दगडातून कुणीतरी उलट ठोकलं. बद्द.

"चला," लाडक्या कुजबुजला. "बोलू नका... चला."

तेवढ्यात आमच्या मागे छताचा एक थर खाली कोसळला. धूळ इतकी उठली की माझ्या दिव्याच्या उजेडात फक्त लाडक्याचा चेहरा दिसत होता, वीतभर अंतरावर. मी घाबरलो होतो, साफ घाबरलो होतो.

आवाज बाहेर गेला असणार. ऋत्विकचं कू-बिऊ सगळं त्या भीतीत उडालं आणि तो जीव खाऊन ओरडला, "सर! लाडक्या! लाडक्याऽऽ!"

लाडक्याने ओठ घट्ट मिटले. मी त्याच्याकडेच पाहत होतो. त्याचे ओठ मिटलेले होते, डोळे माझ्यावर होते, आणि माझ्या पाठीमागून, त्या अखंड भिंतीच्या बाजूने, त्याचाच आवाज आला.

"ओऽऽ... आलो..."

तिथून कसे सरपटत बाहेर आलो, देव जाणे. ऋत्विक रडवेला झाला होता. "बरं झालं तू ओ दिलीस," तो लाडक्याला म्हणाला, "माझ्या जिवात जीव आला." धुळीने लाडक्याचा घसा धरला होता. तो दगडावर बसून नुसता खोकत होता.

आवाज पाड्यापर्यंत पोचला होता. रुपीआय चढ चढून धापा टाकत आली, पदर खांद्यावरून लोंबत होता. तिला कसलं भान असणार?

"लाडक्या! माझ्या लाडक्या!"

तो समोरच बसला होता, चार पावलांवर. त्याने मान वर केली, तोंड उघडलं. पण घशातून शब्द फुटायच्या आत भुयारातून हाक आली. "आये... मी आत हाय..."

म्हातारी लाडक्याच्या बाजूने निघून गेली. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तोंडाशी आम्ही तिघांनी तिला धरलं, लाडक्यानेच तिची कंबर घट्ट आवळली होती. ती त्याच्या हातांवर चापट्या मारत होती. मग उरलेलं छत बसलं आणि भुयाराचं तोंड कायमचं बंद झालं.

पिशवीतल्या चुऱ्यात तांबं निघालं, पण नखभर. काम परवडणार नाही असं मी कळवलं आणि ते खरंच होतं. कंपनी गेली. मी सुटलो असं मला वाटलं.

गेल्या आठवड्यात दोघं मायलेकरं जीपने जव्हारला आमच्या घरी आली. प्रेमलाने पाणी दिलं, रुपीआयने घेतलं नाही.

"ते भुयार उघडा, साहेब," ती म्हणाली. "तो भाकर मागतो. रोज मागतो."

"आये, तुझा लाडक्या हा काय, तुझ्याशेजारी उभा आहे."

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. दारात आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं, मायेने, पण परकेपणाने. "ह्यो भला हाय," ती म्हणाली. "लाकडा फोडतो, पानी आनतो, पोरीला खेळवतो. पन माझा पोरगा तिथं हाय. आये नाय वळखनार तर कोन वळखनार?"

ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मला भडभडून आलं. मी लाडक्याचा हात धरला. हात ऊबदार होता, घट्टे पडलेला, चांगला जिवंत हात.

"तिची समजूत घाल रे," मी म्हटलं. "म्हातारपण आहे."

त्याने ओट्याकडे पाहिलं. मग बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मला पन ऐकू येतो, साहेब... मी लहान होतो तवाचं सांगतो तो. आये नि मी, आमी दोघांलाच ठावं, असला."

"मग?"

"मला त्यातला काय आठवत नाय." त्याने माझा हात घट्ट दाबला. "उघडा ना, साहेब. मीच हाय का नाय, तेवढा तरी कळंल."