दुसरी मोजणी

दुपारचे तीन वाजले होते. शेजारच्या वहिनींची डॉक्टर मुलगी काल सकाळी घरातून निघालेली, ती अजून इस्पितळातच. रक्ताच्या आणि कॅन्सरच्या आजारांचं शिक्षण घेणाऱ्यांचं असंच असतं म्हणे. डबा जातो तसा परत येतो. आता एकच काम उरलं होतं, वॉर्डातले रुग्ण मास्तर, त्यांची काच मोजायची.

हाडातला मगज काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकातून पेशी मोजतात. शेजारी मोजणीचं यंत्र. पेशीच्या प्रत्येक जातीला एक बटण. टक् टक् दाबत जायचं, शंभर भरले की घंटा वाजते. वाईट पेशींचं बटण तेवढं सैल, ते खट् वाजायचं. मग दुसऱ्याने, पहिल्याचा आकडा न बघता, तीच काच मोजायची. हे दुसरं काम वर्षानुवर्षं तंत्रज्ञ काकांचं. लवंग चघळत करायचे. दोन महिन्यांपूर्वी ते याच वॉर्डात वारले.

तिला तीन वाईट पेशी दिसल्या. पाचाच्या आत, म्हणजे मास्तर घरी.

फोन वाजला. "डॉक्टर, मास्तर सकाळपासून बूट घालून बसलेत," सिस्टर म्हणाली. "विचारतात, बाई आकडा आणायला बाजारात गेल्यात का?"

"पाच मिनिटं, सिस्टर."

"दुसरी मोजणी झाली?"

"...झाली."

झाली नव्हती. दुसऱ्या रकान्यात तिनेच 'चार' लिहिलं. पुन्हा तीन लिहिलं तर कुणाला संशय यायचा. अंगात त्राण नव्हतं. तिने कपाळ टेबलाला टेकलं.

टक्.

पलीकडच्या टेबलावर, काकांच्या यंत्रात. काकांची खुर्ची रिकामी होती.

टक्... टक्... खट्. बटणं आपसूक खाली जात होती, काकांच्याच सावकाश लयीत. खोलीत लवंगेचा वास दाटला.

"काका... चुकले मी..."

घंटा वाजली. वाईट पेशींच्या चौकटीत आकडा होता अकरा.

तिने काच पुन्हा लावली. या वेळी कडाही सोडली नाही. अकराच.

वॉर्डात जाऊन तिने मास्तरांना सांगितलं, औषध पुन्हा सुरू करावं लागेल. मास्तरांनी बुटांकडे पाहिलं.

"म्हणजे बूट काढू?" ते वाकत म्हणाले. "बरं झालं. चावतच होते."

ती परतली तेव्हा काकांच्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू होता. खाली एक काच लावलेली. पेशी रंगवायच्या रंगाची नवी बाटली तपासायला तिने सकाळी स्वतःचं बोट टोचून, स्वतःच्या रक्ताची केलेली. तिने ती ट्रेमध्ये ठेवली होती. निरोगी रक्तात वाईट पेशी एकही सापडत नाही.

"काका, ही नको..."

टक्... टक्... टक्...

ती दारातच उभी राहून मोजत राहिली. नव्याण्णव. सगळे टक्.

मग यंत्र थांबलं. काकांना एखाद्या पेशीची शंका आली की ते असेच थांबायचे.

सूक्ष्मदर्शकाचं चाक हळूच फिरलं.