तळघरातली राजकन्या

वायरमनला शिव्या घालून वीज येत नाही. तेव्हा गप बसा आणि ऐका. ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्या दोस्ताच्या घरात घडलेली आहे.

बाबली धुरी. आमच्या धामापूरचाच. मालवाहू जहाजावर खलाशी, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. साल शहाऐंशी, एकवीस नोव्हेंबर, शुक्रवार. तो संध्याकाळच्या एस्टीने मालवणात उतरणार होता आणि त्याची ट्रंक आणायला मी रिक्षा घेऊन गेलो होतो. ट्रंक जड होती. आत लेकीसाठी घेतलेली खेळणी होती, आणि लेक, शेवंती, सात वर्षांची, भादव्यात तापाने गेली होती. पत्र त्याला परक्या बंदरात महिन्याने मिळालं. वाटभर तो ट्रंकेवर हात ठेवून बसला.

घरी जेवणं झाली, म्हणजे पानं मांडली नि तशीच उचलली. मी सोबतीला राहिलो, पडवीत आडवा झालो. आत त्याची बायको मथुरा त्याला सांगत होती. फेब्रुवारीत जाताना बाबलीने रंगीत चित्रांचं परीकथांचं पुस्तक अर्ध्यावर सोडलं होतं. राजकन्या राक्षसाच्या तळघरात, आणि पहाटे याची गाडी. मथुराला अक्षरओळख नव्हती.

"तापात सारखा इचारी, राजकन्या सुटली काय गो? मी सांगलंय, सुटली. तर माका म्हणता, तुका खंय वाचूक येता? बाबा इल्यार वाचतलो."

बाबली उठला. कंदील घेतला, पुस्तक घेतलं. पोरीच्या अंथरुणावर आडवा झाला आणि मोठ्याने वाचायला लागला. तुम्ही म्हणाल, डोकं फिरलं. मला बाहेर रडू आवरेना.

आमच्याकडे एक रीत होती. गोष्ट ऐकणाऱ्याने मधे मधे 'हूं' म्हणायचं. 'हूं' थांबला म्हणजे पोर झोपलं. पुस्तक मिटायचं, दिवा बारीक करायचा.

बाबलीने पहिलं पान वाचलं. सवयीने थांबला.

"हूं..."

काय म्हणतोस? होय रे, याच कानांनी ऐकलं. मथुराचा आवाज घोगरा. हा बारीक होता, झोपाळलेला.

बाबली अडखळला. मग पुढे वाचलं. पान उलटलं. हूं. पान उलटलं. हूं...

राजकन्या सुटली. राक्षस मेला. पुस्तक संपलं.

पण बाबली थांबेना. थांबला असता तर... कळतंय ना? तो मनानेच पुढचं रचायला लागला. राजकन्या जहाजावर चढली. एक बंदर आलं. मग दुसरं. सगळी खोटी बंदरं, नावंही खोटी. बारा वाजले. एक वाजला. हूं येत होता. पण उशिरा. दमून. जांभई देत.

मग मथुरा बोलली.

"अवो... शेवंतीक निजाक दिया आता."

पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"...मगे ती आपल्या घराक इली," बाबली म्हणाला. "आणि सुखान रवली. संपली काणी."

तो वाट बघत राहिला. मीही.

हूं आला नाही...

पहाटे तो पडवीत आला. उजवा हात लोंबत होता, मुंग्या आलेला. पोर रात्रभर हातावर डोकं ठेवून झोपलं की बापाचा होतो तसा.

"निजला ता," एवढंच म्हणाला.

मग त्याने मला बाही दाखवली. शर्ट कोरा, आदल्या रात्री ट्रंकेतून काढलेला. दंडावर खोबरेल तेलाचा वाटोळा डाग होता. बोट लावलं, तर ओला. आणि त्या घरात भादव्यापासून कोणी केसांना तेल लावलं नव्हतं.