लाल शिंगांचा बैल आणि काळा-पांढरा फोटो

"अजून पाच फोटो बाकी आहेत! एकही वाया घालवायचा नाही," प्रभावतीनं बजावलं.

तिचा देवरावमामा यवतमाळच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होता. पोळ्याच्या सुट्टीत ती आणि धाकटा भाऊ भीमराज घाटंजीला कांतामावशीकडे निघाली, तेव्हा मामानं तेरा वर्षांच्या भाचीच्या हातात कोरा करकरीत बॉक्स कॅमेरा ठेवला. एका रोलमध्ये बारा फोटो. सात पोळ्यालाच संपले. उरलेले पाच उद्याच्या आठवडी बाजारासाठी! पट्टा गळ्यातून काढायला प्रभा झोपतानाही तयार नसे.

"ताई, एक फोटो माहा काढ न! झाडाले लटकलेला," भीमराज म्हणाला.

"वानरांचे फोटो मी काढत नाही!"

तेवढ्यात तांड्यावरची मैत्रीण जमनी धापा टाकत आली. "प्रभा, चाल लवकर! बाबा कोंडवाड्यात भांडून राह्यला. आमचा पाखऱ्या बैल बदलला!"

तिघं पळत सुटली. मोकाट गुरं कोंडतात त्या आवारात जमनीचा बाप धावजी लाल शिंगांच्या एका पांढऱ्या बैलाशेजारी उभा होता.

"हा माहा बैल नोहे, उकंडाभाऊ! याचे दोन्ही कान धड, माह्या बैलाच्या कानाचं टोक नाही. लहानपणी कुत्र्यानं तोडलं."

"तुटका कान त्या दुसऱ्याचा होता, पण कान तर इथंही फाटते! वहीत पाह्य," राखणदार उकंडानं वही आपटली. "परवा दोन पांढरे बैल आले. लाल शिंगांचा धावजीचा, निळ्या शिंगांचा मारोतरावचा. निळा तो सकाळीच घेऊन गेला. हा लाल तुहा!"

"मारोतराव उद्या त्याले बाजारात विकणार आहे," जमनीचा आवाज चिरकला. "एकदा का दूरच्या गावी गेला, मंग कुठी शोधाचा?"

प्रभानं बैलाच्या शिंगावर बोट फिरवलं. बोट लाल झालं!

"भीमा, काल रात्री धो धो पाऊस झाला. मावशीच्या बैलांची शिंगं पार धुऊन निघाली. मग याचा रंग ओला कसा?"

"ताई, उकंडाकाकाचं धोतर पाह्य!" भीमराज कुजबुजला. धोतरावर एक डाग लाल होता, एक निळा!

"पावसानं रंग गेला आणि यांनी पुन्हा लावला. लावताना बैलांची अदलाबदल केली!"

"सांगतो मी सगळ्यांले!"

"थांब. आपलं ऐकणार कोण? पोळ्याच्या दिवशी मी जमनीचा पाखऱ्यासोबत फोटो काढलाय."

पण रोल मधेच काढला तर उरलेले पाच फोटो गेले. बाजाराचे फोटो शाळेत दाखवायचे तिनं किती दिवस ठरवलं होतं! प्रभानं एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा जमनीकडे.

"मावशीला सांगून येते. यवतमाळची गाडी किती वाजता?"

भावंडं स्टुडिओत पोचली. मामानं अंधाऱ्या खोलीत रोल धुतला. संध्याकाळच्या एस.टी.नं दोघं परतली, तेव्हा प्रभाच्या पुस्तकात तो फोटो होता.

दुसऱ्या दिवशी बैलबाजारात निळ्या शिंगांच्या पाखऱ्याभोवती गिऱ्हाइकं जमली होती. मुलांनी सरपंचांना ओढतच आणलं. मागोमाग धावजी तो दुसरा बैल घेऊन आला. उकंडाही आला. फोटो पाहून तो खो खो हसला.

"अवं पोरी, याच्यात लाल कुठी आहे? सगळं काळं-पांढरं! हा कोणाचाही बैल असंन!"

भीमराजचं तोंड उतरलं. प्रभा मात्र पुढे सरकली.

"बरोबर, काका! फोटोत रंग दिसतच नाही. मग दिसतं ते पाहा. हा कान!"

सरपंचांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. जमनीच्या खांद्याजवळ बैलाचा टोक तुटलेला कान स्वच्छ दिसत होता. त्यांनी निळ्या शिंगांच्या बैलाचा कान हातात धरला. अगदी तोच!

"पोळ्याच्या दिवशीच तुटका होता, म्हणजे कोंडवाड्यात फाटला नाही. उकंडा, बोल आता!"

उकंडानं मान खाली घातली. "पावसानं रंग गेला, साहेब. वहीत तर लाल-निळा लिहून बसलो होतो. म्हून म्याच रंगवले... अंदाजानं."

"अंदाजानं!" सगळा बाजार हसला.

"आणि मारोतराव, तुमाले आपला बैल ओळखू येत नाही?" सरपंचांनी विचारलं.

"आला न... पण हा तरणा होता," मारोतराव पुटपुटला आणि मुकाट्यानं दोर सोडला.

उकंडाला सगळ्यांसमोर बादलीभर पाणी आणून दोन्ही बैलांची शिंगं घासावी लागली. "यापुढं वहीत रंग लिहायचा नाही. कान, शेपूट, वशिंड पाहून लिहायचं!" सरपंचांनी ठणकावलं. "मोठ्यांनी डोळे मिटले, लेकरांनी उघडे ठेवले. शाबास!"

जमनीनं हाक मारली. पाखऱ्या गर्दी सारत तिच्याकडे निघाला, तशी माणसं भराभर बाजूला झाली.

धावजीनं प्रभाच्या डोक्यावर हात ठेवला. "बाई, माह्या घरचा गडी परत आणला तू. पण तुहे ते पाच फोटो गेले न?"

"गेले, काका," प्रभा पाखऱ्याच्या पाठीवर थाप देत म्हणाली. "आणि गाडीत चढल्यापासून मला त्यांची आठवणही आली नाही!"