आतली कडी

लॅपटॉप जरा इकडे फिरव बघू, पोरी. चष्मा आत राहिलाय, फोटो मोठा कर. हं... घर झकास आहे. समोर झाडं, मागे अंगण, स्वयंपाकघर आपल्या या खोलीएवढं. दोन महिने परदेशात राहायचं म्हणजे हॉटेल कुठून परवडणार? आणि जावईबापू, तुम्ही सगळं तपासलंत ते बरं केलंत. आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचलेत, फोटो दुसरीकडून चोरलेले नाहीत हे बघितलंत, पैसे साइटवरूनच भरणार, मालकाने कितीही गोड बोलून 'परस्पर पाठवा' म्हटलं तरी पाठवणार नाही. शाबास. माझ्या मित्राच्या मुलीनेही अगदी हेच केलं होतं. काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

"तरी फसले का ते, मामा?"

फसले नाहीत गं. घर होतं, मालक होता, किल्ली मिळाली. सगळं फोटोत होतं तसंच. तो दिवा बारीक कर, डोळ्यांवर येतोय. सांगतो.

आपला ओळंबा माहीत आहे ना तुम्हाला? तुमच्या लग्नात कोपऱ्यात बसून जेवला तो. सुतार. तो दारं बसवायचा आणि मी त्यांना पॉलिश मारायचो, उभा जन्म आम्ही एकत्र काम केलं. कुणाच्याही घरी गेला की चहाच्या आधी दार तपासणार, तिरकं दिसलं की घरमालकाला चार शब्द सुनावणार, म्हणून हे नाव. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. सुताराची बोटं गेली म्हटल्यावर लोक मशीनकडे बोट दाखवतात. याची मशीनने नाही गेली.

त्याने काम थांबवल्यावर त्याच्या मुलीने आईबापांना परदेश दाखवायचं ठरवलं. पहिल्याच गावातलं एक जुनं, बैठं घर तिने महिन्यासाठी हेरलं. पैसे भरण्याआधी मालकाशी व्हिडिओ कॉल केला. मालक फोन धरून घरभर फिरला. याचं आपलं एकच टुमणं, "प्रत्येक दार उघडून दाखवायला सांग." मुलगी वैतागली. "बाबा, राहायला जाताय की दुरुस्तीला?"

पण दाखवलं त्याने. फोनच्या पुढे एक बाई चालत होती, करड्या स्वेटरमधली. ती एकेक दार उघडायची आणि बाजूला व्हायची. बाथरूमचं दार उघडल्यावर मात्र ती बाजूला झाली नाही. उघड्या दारालाच पाठ लावली आणि सरळ फोनमध्ये बघत राहिली. मुलगी तेव्हा खाली मान घालून मालकाच्या अटी वाचत होती. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, पाहिलं. म्हणाल्या, "अहो, बाई घाबरलेली दिसते."

ओळंब्याने काय पाहिलं माहितीये? कडी. "बाथरूमला बाहेरून कडी! आतून काहीच नाही! कुठल्या बावळटाने बसवलीय ही?"

एवढंच. बुकिंग झालं.

मुलगी इथेच राहिली, हे दोघंच गेले. पोचले तेव्हा मालक दारातच उभा होता. सभ्य माणूस, हसतमुख, बॅगासुद्धा त्यानेच उचलल्या. तो मागच्या खोलीत राहायचा. वहिनींनी मुलीला फोन लावून त्याला विचारायला सांगितलं, त्या बाई कुठे आहेत? मुलीने विचारलं. त्याने हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, इथे कोणी बाई नाही. बायको दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली. कॉलच्या वेळी दारं मीच उघडत होतो.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, प्रवासाने दमली आहेस. झोप जा."

दुसऱ्या दिवशी बाहेर पाऊस, मग हा काय करणार? कामाशिवाय हात शिवशिवतात त्याचे. स्वयंपाकघरातल्या पेटीतून पेचकस काढला, कोपऱ्यावरच्या दुकानातून लांब स्क्रू आणले आणि बाथरूमची कडी बाहेरून काढून आतून बसवली. वहिनी म्हणाल्या, "अहो, लोकांचं घर आहे, विचारा तरी." हा म्हणतो, "उपकारच करतोय. बाईमाणसाला आतून कडी लावता येऊ नये म्हणजे काय?"

तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण शेकोटीच्या लाकडांपाशी त्याला एक कुऱ्हाड दिसली. बोथट. पात्याला दाते पडलेले. आता बोथट हत्यार दिसलं आणि ओळंबा गप्प बसला असं कधी झालंय का? संध्याकाळभर दगडावर घासत बसला. केस कापेल अशी धार काढली आणि बाथरूमसमोरच्या आतल्या बोळात भिंतीला टेकवून ठेवली. पात्याला लागून दांड्याच्या लाकडात काहीतरी काळं मुरलेलं होतं. गंज समजून त्याने तेही घासलं.

"मामा... पुढचं उद्या सांगा ना."

आता सुरू केलंय तर ऐका. हे त्याने मला भिंतीकडे तोंड करून सांगितलंय. एकदाच.

मंगळवारची रात्र. दोन वाजून गेलेले. पाऊस थांबला होता. वहिनी उठून बाथरूमला गेल्या. आतून कडी सरकल्याचा आवाज त्याने झोपेत ऐकला. आपण बसवलेली कडी, म्हणून त्याला बरंही वाटलं.

मग घाव ऐकू आला. लाकडावर.

दुसरा.

वहिनींची किंकाळी.

त्याच्या मनात आलं, कोणीतरी दार फोडतंय. ती आत आहे. उठ. धाव. पण पाय उचलेनात. पायांखाली पलंगाची चादर नव्हती. गार फरशी होती. तो बोळात उभा होता. दार समोर. आणि घाव पडतच होते.

"कोण आहे?" वहिनी आतून ओरडत होत्या. "अहो, धावा! अहो...!"

त्याला सांगायचं होतं, मी आलो, घाबरू नकोस. तोंडातून शिवी आली. दुसऱ्याच भाषेतली. त्याला ती भाषा येत नाही.

त्याने खाली पाहिलं.

कुऱ्हाड त्याच्याच हातात होती.

...

थांबवायला गेला. हात थांबेनात. उजवा हात वर जायचा आणि खाली यायचा. दाराची फळी फुटली. पातं आरपार गेलं. वहिनींच्या खांद्यात घुसलं. त्याने ते ओढून काढलं, त्यानेच, आणि फटीतून रक्ताची चिळकांडी त्याच्या तोंडावर आली. कोमट. फटीतून वहिनींचे डोळे दिसले. त्यांना त्याचा चेहरा दिसला.

त्या ओरडायच्या थांबल्या.

"...तुम्ही?"

हा एक शब्द तो आजही झोपेत ऐकतो.

हात पुन्हा वर गेला. दार जेमतेम उभं होतं. सगळा भार त्या एका कडीवर. ती निघाली असती तर पुढचा घाव वहिनींच्या डोक्यात होता. त्याचा उजवा हात त्याचा राहिला नव्हता. डावा अजून थोडा होता. त्याने डावा हात उचलला. चौकटीवर ठेवला. बरोबर जिथे घाव पडणार तिथे.

पडला.

दोन बोटं फरशीवर गेली. तो स्वतःच्या आवाजात ओरडला. कुऱ्हाड गळून पडली.

पाणी दे जरा, पोरी.

शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. रक्ताने न्हालेला नवरा, फुटलेलं दार, आत जखमी बायको... दुसरं काय समजणार कोणी? त्याला बेड्या घातल्या. पण त्यातला एक पोलीस दाराशीच थबकला. फुटलेल्या फळीतून जुनी पुट्टी निघत होती. त्याने नखाने आणखी उकरली. त्या दारावर आधीही घाव पडलेले होते, भरून, वरून रंग दिलेला होता. आणि ओळंब्याचा प्रत्येक घाव बरोबर जुन्या घावात पडला होता. एकही इकडेतिकडे नाही.

त्यांनी बाथरूमची फरशी उचलली. खाली ती होती. करडा स्वेटर अजून ओळखू येत होता. तिच्या वेळी दाराला आतून कडी नव्हती.

मालकाला नेलं. वहिनींनी खांद्याला टाके पडलेले असताना जबाब दिला, माझा नवरा असा नाही. म्हणून हा सुटला. मला त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, कडी मी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. माझ्या हातांवर आणखी दोन हात होते. फार गार. पण सोडले नाहीत."

घरी आल्यावर ओळंबा म्हणाला, तुझ्या खोलीला आतून कडी बसवतो. मी बाहेर झोपेन. त्याला स्वतःच्या हातांची भीती बसली होती, दुसरं काय. वहिनी खूप रागावल्या. रडल्या. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. माझ्या दाराला कडी लावायची नाही!" त्याने ऐकलं. कडी नाही बसवली. तरी बाहेरच झोपायला लागला. वहिनींना वाटतं, येईल परत. इतकी वर्षं एका खोलीत संसार केलेली माणसं.

मागच्या महिन्यात मी मुक्कामाला होतो त्यांच्याकडे. रात्री मी आणि तो बाहेर गाद्या घालत होतो. वहिनींच्या खोलीचं दार उघडं, त्या समोरच पलंगावर बसून माझ्याशी बोलत होत्या. तुझ्याच लग्नाचं काहीतरी. मध्येच त्यांना ठसका लागला. हा पाण्याचा पेला घेऊन उठला. दारापर्यंत गेला. उंबऱ्यावर पाऊल टाकलं.

दार लागलं. हळूच. वारा नव्हता. वहिनी पलंगावर होत्या, मी बघत होतो.

आणि आतून कडी सरकली. शेवटपर्यंत.

ओळंबा हलला नाही. मीही नाही. आतून वहिनींचा आवाज आला. पलंगावरूनच. थकलेला.

"अगं, ते तसे नाहीत गं... पाणी तरी देऊ दे."

दार उघडलं नाही. त्याने पेला उंबऱ्याशी ठेवला, रोजची सवय असावी तसा, आणि आपली गादी उचलून आणखी लांब, भिंतीपाशी नेऊन टाकली.

सकाळी वहिनी चहा करत होत्या तेव्हा मी ते दार आतून पाहिलं. पॉलिश माझंच, मला त्यातला केसाएवढा ओरखडाही दिसतो. कडी नव्हती. स्क्रूचं भोकसुद्धा नव्हतं. फक्त कडी जिथे असायला हवी तिथे, चौकटीच्या बाजूला, बोटभर जागेतलं पॉलिश झिजून लाकूड उघडं पडलं होतं. रोज काहीतरी सरकतं तिथे.